पाळण्याचं लाकूड

त्या आडी महिन्यात, म्हणजे तमिळ आषाढात, आमच्या घरात कुणीही एका जागी बसत नव्हतं. आजी तांदूळ निवडायला बसली की सूप अर्ध्यावर टाकून उठायची, दारात जाऊन रस्त्याच्या टोकापर्यंत नजर टाकायची आणि परत येऊन तेच तांदूळ पहिल्यापासून निवडायची. आजोबा सकाळी तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, तमिळ पेपर उघडून बसत. पण पान उलटायच्या आधीच त्यांचा एक पाय खाली चपलेत गेलेला असे. "कोठें निघालांत?" आजी आतून विचारायची. "कोठें नाहीं," असं म्हणत ते कोपऱ्यापर्यंत जात आणि तसेच परत येत. मला पापनाशमच्या शाळेतून काढून तंजावूरला आजोळी आणून ठेवलं होतं. दुसऱ्या शाळेत घातलं नव्हतं, थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे म्हणून. दहा वर्षांच्या मुलीला दिवसभर काम नसलं की काय होतं ते मी पुरेपूर जाणते. मी स्वयंपाकघरातून ओट्यावर, ओट्यावरून मागच्या हापशावर अशी फिरत राहायची आणि ज्याच्या पायात येईन त्याची बोलणी खायची.

आई दवाखान्यात होती. तिला दिवस गेले होते, आणि बाळंतपण होईपर्यंत उठून बसायचंसुद्धा नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. खाटेचे पायथ्याकडचे पाय विटांवर चढवले होते, त्यामुळे आई डोक्याकडे उतार करून निजलेली असे, आणि उशाशी उभं राहून बोलताना तिचा चेहरा मला उलटा दिसायचा. माझ्या पाठीवर आईला दोन मुलं झाली आणि दोन्ही राहिली नाहीत. घरात हे कुणी मोठ्याने बोलत नसे, पण मला ठाऊक होतं. मुलांना सगळं ठाऊक असतं. मोठ्यांना ते गैरसोयीचं असतं इतकंच. त्यामुळे या खेपेला आजीने फर्मानच काढलं होतं. बाळासाठी दुपटं शिवायचं नाही, टोपडं आणायचं नाही, डोहाळजेवण करायचं नाही. आणि मधल्या खोलीच्या माळ्यावर आजोबांच्या जुन्या वेष्टीत, म्हणजे धोतरात, गुंडाळलेला पाळणा होता, त्याचं तर नावही काढायचं नाही. आमच्याकडे आठवा लागला की पाळणा खाली काढून धुऊन टांगायची रीत होती. त्या वर्षी आठवा लागला आणि सगळ्यांनी वर बघायचं टाळलं.

आजोबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यामुळे आडी लागला की गल्लीतला जो तो त्यांना विचारायचा, पाणी कधी? मेट्टूरच्या धरणात पाणी किती चढलं ते पेपरात रोज छापून येई. आजोबा ते वाचून जिभेने चक् असा आवाज करत. त्या वर्षी पाऊस मागे पडला होता. कावेरीत वाळू, वेण्णारमध्ये वाळू, गावातून जाणाऱ्या कालव्यात पोरं क्रिकेट खेळत होती. आणि आडीची अठरावी, आडी पेरुक्कु, जवळ येत होती. इकडे त्या दिवशी बायका नदीवर जाऊन नव्या पाण्याची पूजा करतात, गळ्यात पिवळा दोरा बांधतात आणि तऱ्हेतऱ्हेचे भात नेऊन काठावर जेवतात. कावेरीला दिवस गेलेले असतात, तिला डोहाळे लागतात, म्हणून ते भात. आमच्या आजीसारख्या मराठी बायका सरळ 'कावेरीचं डोहाळजेवण' म्हणत. पोटच्या मुलीचं करता येत नाही तर नदीचं तरी यथासांग करीन, असं आजीने मनाशी घेतलं होतं. चिंचेचा भात, लिंबाचा, खोबऱ्याचा, गुळाचा, दहीभात, झालंच तर डांगर पच्चडी. "पाणी आलं नाहीं तर गे?" मी विचारलं. "येईल. न येऊन कोठें जाईल?" आजी म्हणाली आणि मला हापशावर पिटाळलं.

त्याच दिवशी मुलं सप्परम ओढतात. सप्परम म्हणजे लाकडी चाकांचा छोटा रथ, वर खांब आणि रंगीत कागदांचं छत, आत देवाचं चित्र. गल्लीतले मुलगे आपापली सप्परमं खडखडवत नदीवर नेत आणि आम्ही मुली मागून भातांचे डबे घेऊन जात असू. मी आजोबांच्या मागे लागले की मला सप्परम होणं, म्हणजे हवंच. दर वर्षी ते हसून सोडून देत. त्या वर्षी मात्र त्यांनी पेपर खाली ठेवला, माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "सरि. करूंया. आपणच करूंया. दुकानचं नकों." मला वाटलं माझ्यावर मेहेरबानी झाली. आता कळतं, त्यांनाच हाताला काहीतरी हवं होतं.

परवा सुनेने मला फोनवर काहीतरी पाठवलं. आजी-आजोबांनी नातवंडांबरोबर काय काय करावं, म्हणे, त्याने नातं घट्ट होतं. एकत्र झाडं लावा, जुने फोटो दाखवा, खाऊ करायला शिकवा. सगळी हसरी, गोरीगोमटी, स्वेटर घातलेली म्हातारी माणसं. तंजावूरमध्ये स्वेटर! माझी नात चेन्नईला असते. ती आली की आम्ही दोघी गच्चीवर वडाम, म्हणजे तांदळाच्या पापड्या, वाळत घालतो, ती कावळ्यांना हाकलते आणि अर्धे ओले वडाम स्वतःच खाते. नातं घट्ट होतं की नाही कोण जाणे, पण पोट बिघडतं. सांगायचं ते इतकंच, की आजोबांच्या आणि माझ्या त्या उद्योगासारखं काही त्यात नव्हतं. बरंच आहे म्हणा.

आजोबांना सुतारकाम येत नव्हतं. येतं असा त्यांचा समज होता. मागच्या अंगणात गोणपाट पसरून ते करवत घेऊन बसत, एका बोटावर दोनदा हातोडी मारून घेत, आणि "अय्यो" म्हणायच्या ऐवजी माझ्याकडे रागाने बघत. मला काम होतं पॉलिश पेपर घासायचं. "आडवं घासूं नकों. लाकूड जसं गेलं तसं जा," ते सांगत. मी घासत बसे आणि खरंच, हाताची ती खर्रखर्र चालू असेपर्यंत माझे पाय थांबत. चाकं त्यांनी बाजारातून आणली. तळाची फळी जुन्या पाटाची झाली. अडलं ते खांबांवर. सरळ बांबू लावू म्हटलं तर त्यांना पटेना, रथाला कातीव खांब हवेत म्हणाले. एके दिवशी आजी डबा घेऊन दवाखान्यात गेली होती. मी हापशावरून आले तर आजोबा चार सुरेख कातीव खांब घेऊन बसलेले, आणि दोन तर निम्म्यावर कापूनही झाले होते. खांबांवर लाल-पिवळी लाख होती आणि वरच्या बाजूला हिरवे पोपट. ते पोपट मी ओळखले. पाळण्यात मीही निजलेली होते, पण तेव्हाचं कुठलं आठवणार; मला ते आठवत होते पाळणा दोनदा खाली काढलेला पाहिला होता म्हणून. मी नुसती वर माळ्याकडे पाहायला आत गेले. वेष्टीची घडी घालून नीट ठेवली होती. बाहेर आले तर आजोबा करवत चालवतच होते. "आजीस सांगूं नकों," ते मान खाली घालूनच म्हणाले. "लाख काढून टाक. पोपट पण." मी घासायला बसले.

रविवारी मला दवाखान्यात नेत. आजी डब्यातून रसम-भात आणि मेतकूट नेई, आणि आई दोन घास खाऊन पुरे म्हणे. त्या रविवारी आजी तांब्या घेऊन नळावर गेली आणि आम्ही दोघीच राहिलो. "काय करत्येस गे दिवसभर?" आईने विचारलं. मी सप्परम सांगितलं. चाकं सांगितली, आजोबांचं बोट सांगितलं, आई हसली. ती हसली म्हणून मला भीड राहिली नाही आणि मी सांगून टाकलं, खांब कशाचे ते. सांगितल्यावर घाबरले. आईने डोळे मिटले. उलट्या चेहऱ्यावरून काही कळेना. मग ती हळूच म्हणाली, "मोडला? बरं झालं. घरीं आल्यावर मज तो बघणं नकों होता." तिने माझा हात पोटावर ठेवून घेतला, आत कुणीतरी ढुशी मारली, आणि तेवढ्यात आजी आली.

सप्परम उभं राहिलं. छताला गुलाबी आणि निळा कागद, कडेला झालर, ओढायला काथ्याची दोरी. आजोबांनी ते मधल्या खोलीत आणून ठेवलं आणि मी त्याच्याभोवती फिरत राहिले. आजी समईला तेल घालायला आली. तिनेही कौतुकाने पाहिलं. मग वाकली. एका खांबाच्या कोपऱ्यात मला घासून निघाला नव्हता असा थोडासा पोपट राहिला होता, चोच आणि डोळा. आजीने त्यावरून बोट फिरवलं आणि तशीच वाकलेली असताना माळ्याकडे पाहिलं.

"पाळणा मोडलांत तुम्ही," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली. "बाळ जितं आहे अजून माझ्या पोरीच्या पोटांत. जितं आहे! आणि तुम्ही घरीं बसून त्याचा पाळणा कापलांत, खेळणं केलांत?"

आजोबा भिंतीपर्यंत मागे सरकले.

"तुम्ही आशा सोडलांत होय? सांगा मज. सोडलांत?"

"आशा सोडली नाहीं गे," आजोबा म्हणाले. ते भिंतीला टेकले होते. "दोनदां तो खालीं मी काढला. दोनदां रिकामा परत मी चढवला. तुम्ही बायका आंत रडत होतां. शिडी धरायला सुद्धां कोणी नव्हतं. तिसऱ्यांदां तो वर चढवणं मज होणार नाहीं. मेलों तरी होणार नाहीं. म्हणून कापला."

"आणि तिनं ऐकलं तर? तिच्या मनांत काय येईल?"

"आईस ठाऊक आहे," मी म्हटलं. दोघंही माझ्याकडे वळले. "मी सांगितलं. ती म्हणाली बरं झालं. घरीं आल्यावर बघणं नकों होता म्हणाली."

आजी तिथेच खाली बसली, समईजवळ, तेलाचं भांडं हातात धरून. त्या सबंध महिन्यात ती अशी बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मी तिच्याजवळ गेले तर तिने मला जवळ घेतलं नाही आणि ढकललंही नाही. त्यानंतर ती आजोबांशी बोलेनाशी झाली. भात वाढायची, ताक वाढायची, पण "आणखी होणं का?" हे मला विचारायला लावायची. आजोबा माझ्याकडे बघून "पुरे म्हणून सांग," म्हणत. दोघांच्या मध्ये मी अशी ताटकळत बसायची. माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, नवऱ्याशी भांडणंही पुष्कळ झाली, पण अबोला मी कधी धरला नाही. तो मला सोसत नाही.

अठरावीच्या आदल्या दिवशी कावेरीवरच्या कल्लणै बंधाऱ्याचे दरवाजे उघडले अशी बातमी आली. गल्लीत पोरं ओरडत सुटली. अठरावीला पहाटेच आजीने चूल पेटवली, चिंचेच्या भाताच्या फोडणीचा वास घरभर झाला, खोबरं मी खवलं. सगळे भात परातीत वाफ जायला पसरून ठेवले होते, इतक्यात दवाखान्याची आया रिक्षा घेऊन दारात आली. आईला कळा सुरू झाल्या होत्या, दिवस भरायच्या आधीच. आजीने पदर खोचला, कुंकवाची डबी घेतली आणि जाता जाता एवढंच म्हणाली, "सावू, आजोबांस सोडूं नकों." नवऱ्याबद्दल काही बोलली असेल तर तेच. पापनाशमला अप्पांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, शेजारचे गृहस्थ फोन करायला धावले.

आजोबा घरात येरझाऱ्या घालू लागले. मग एकाएकी सप्परमापाशी बसले, छताचा कागद टराटरा फाडला आणि खिळे उपटायला लागले. "काय करतां?" "पाळणा," ते म्हणाले, "परत पाळणा करूंया. धर. इकडं धर." मी धरलं. त्यांनी दोन अर्धे खांब एकावर एक ठेवले, कापलेल्या जागी जुळवले, एका हाताने दाबून दुसऱ्याने खिळा शोधू लागले. खांब निसटला. पुन्हा जुळवला, पुन्हा निसटला. "आजोबा, राहणार नाहीं तें," मी म्हटलं. "कापलं आहे." "हो," ते म्हणाले. "तुझी आजी खरं बोलली. मीच कापलं." दहा वर्षांच्या मला तेव्हा त्यांचा रागही आला आणि मायाही आली. मी उपटलेले खांब परत ठोकले, वाकडेतिकडे, आणि त्यांचा हात ओढून म्हटलं, "चला. घरीं मज बसवत नाहीं."

आम्ही कालव्यावर गेलो. मी फाटक्या छताचं सप्परम ओढत होते, मागून आजोबा अनवाणी. काठावर माणसांची रीघ, मुलग्यांची सप्परमं, हळदीचा आणि झेंडूचा वास. पाणी अजून आलं नव्हतं. मग वरच्या अंगाला गलका झाला आणि ते आलं. मला वाटलं होतं धो धो येईल. ते सावकाश आलं, गढूळ, पुढे फेस आणि काटक्या आणि कुणाची तरी चप्पल ढकलत, वाळू पीत पीत. पोरं त्याच्यापुढे उलट्या पावलांनी नाचत होती. एका अनोळखी बाईने माझ्या गळ्यात पिवळा दोरा बांधला. सबंध नोकरी ज्याची वाट बघण्यात गेली त्या पाण्याकडे आजोबा पाठ करून उभे होते. ते रस्त्याकडे बघत होते.

ऊन चांगलंच चढलं तेव्हा अप्पा सायकल दामटत आले. उतरायच्या आधीच ओरडले, "मामा! मुलगा! लहानसा आहे, पण रडला. चांगला रडला." सासऱ्याला आमच्यात मामा म्हणतात. आजोबांनी मुलगा ऐकलंच नसावं. "ती?" त्यांनी विचारलं. "बरी आहे. बोलली माझ्याशी." आजोबा होते तिथेच ओल्या वाळूत बसले, वेष्टी भिजली तरी उठले नाहीत, आणि लहान मुलासारखे रडले. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिले. भात सगळा घरी परातीत वाळून गेला होता. दुसऱ्या दिवशी आजीने तो गाईला घातला.

बाळ अशक्त होतं, म्हणून दवाखान्यातून घरी यायला बरेच दिवस लागले आणि बारसंही लांबलं. बारसं म्हटलं की पाळणा आला. शेजारणींनी विचारलं, आमचा देऊ का? आजी नको म्हणाली. त्या दिवशी सकाळी तिने पेटीतून आपलं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं नऊवारी काढलं आणि मधल्या खोलीच्या तुळईच्या कडीखाली उभी राहिली. इथल्या तमिळ घरांत लुगड्याची झोळी बांधून बाळाला निजवतात, तिला तूळी म्हणतात. आमच्या घरात ती कधी बांधली नव्हती. बायका जमल्या होत्या, आई चटईवर भिंतीला टेकून बसली होती, बाळ माझ्या मांडीवर होतं. आजोबा बाहेर तिण्णैवर, पाठमोरे.

"अहो," आजी म्हणाली. इतक्या दिवसांनी. "आंत या. गांठ तुम्ही मारा."

आजोबा उंबऱ्यापर्यंत आले. "मज नकों," म्हणाले.

"हीस शिडी लागत नाहीं. हात पुरतो. रोज बांधायची, रोज सोडून धुवायची. वर कांहीं चढवायचं नाहीं आतां. कधींच नाहीं. या."

ते आले. लुगड्याचं टोक कडीतून ओवून त्यांनी गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. दोन्ही हातांनी धरून स्वतःचा भार टाकून पाहिला. आईने बाळ तूळीत ठेवलं, मी त्याच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी पाळणा म्हटला. घुगऱ्या वाटून झाल्या, कुंकू लावून घेऊन बायका आपापल्या घरी गेल्या, बाळ कधीच झोपून गेलं होतं. आजोबा हात वर करून, ती गाठ मुठीत धरून, तसेच उभे होते.